मदत की उसनवारी?

आपल्या बारामती तालुक्यातलं सुपे. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, खतं आणि वह्या जाळल्या. कागदावर आपलं नाव आहे, हेच त्यांचं संकट होतं.

आता १३ एप्रिल २०२१. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंध जाहीर केले, सोबत सुमारे ५,४७६ कोटींचं साहाय्य. नोंदणीकृत फेरीवाल्याला १,५०० रुपये. ‘नोंदणीकृत’ हा शब्द नीट ऐका. आज इंदापूरच्या बाजारात पाल ठोकणारा, उद्या दुसऱ्या गावी जाणारा माणूस कुठल्या यादीत? त्याचं संकट उलटं, कागदावर नावच नाही.

आणि दुकानदार? केंद्राने मे २०२० मध्ये तातडीच्या कर्जाला हमी दिली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जितकं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के नवं कर्ज, तेही विनातारण. पण ज्याने कधी कर्जच काढलं नाही, त्याला शून्याचे २० टक्के! (तत्त्वज्ञानाच्या मास्तरला असली कोडी आवडतात; दुकानदाराला नाही.) फेरीवाल्यांची स्वनिधी योजना, तीही तेव्हा १०,००० रुपयांचं कर्जच.

बंदी सरकारची, मग भरपाई उसनी का? १८३६ मध्ये इंदापुरात कंपनी सरकारने प्रिंगलची जड आकारणी मोडून गोल्डस्मिड-विंगेट यांचे हलके दर लावले. दया आली वगैरे काही नाही हो. जमिनी पडीक पडत होत्या, वसूल बुडत होता. पण स्वतः लादलेला बोजा स्वतः उतरवला. २०२१ मध्ये शटर खाली होतं आणि गाळ्याचं भाडं चालूच होतं.