ग्रीस जाळणारा उतार

भाईंदरहून उत्तनकडे निघालं की खाडीकाठची सपाटी संपते आणि टेकाडं सुरू होतात. डोंगरी गावाचं नावच ते सांगतं. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, चिमाजी आप्पांच्या फौजेने याच टेकाडांवरचा पोर्तुगीजांचा धारावी किल्ला घेतला. मला मात्र या भागाचं नाव काढलं की आधी आठवतो तो आमचा पाववाला.

त्याची काळी, अवजड सायकल, मागे पत्र्याची पेटी आणि लोखंडी दांड्यांचे ब्रेक. पावसात ते ब्रेक लागत नसत. मग तो डाव्या पायाची चप्पल चाकाला घासत उतार उतरायचा आणि फारच निसरडं असलं तर सरळ खाली उतरून चालायचा. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट.

त्याच दशकात पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला काही तरुण अशाच अवजड सायकली घेऊन डोंगर उतरत होते. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. तिथे वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरातून काढलेला एक कच्चा रस्ता तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटर खाली येतो. या मंडळींच्या सायकली १९३०-४० च्या काळातल्या, फुगीर टायरच्या, वीसेक किलो वजनाच्या. कुणी भंगारातून उचललेल्या, कुणी किरकोळ पैशांत घेतलेल्या. त्यांना ब्रेक एकच, मागच्या चाकाच्या हबमध्ये, उलटं पॅडल मारल्यावर लागणारा. एका उतारात तो हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून त्याचा धूर निघे. खाली पोचल्यावर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागे. ‘पुन्हा भरणं’ याला इंग्रजीत म्हणतात रिपॅक. तेच नाव त्या रस्त्याला पडलं आणि शर्यतीलाही.

सगळ्यांत वेगवान कोण, हा वाद रोजचा झाला, तेव्हा तो एकदाचा मिटवायचं ठरलं. तारीख २१ ऑक्टोबर १९७६. सगळ्यांना एकदम सोडावं तर वाटेत हाणामारीच व्हायची. म्हणून चार्ली केली या संयोजकाने दोन घड्याळं जुळवली, एक माथ्यावर ठेवलं, एक पायथ्याशी, आणि एकेकाला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडलं. पहिला आला ॲलन बाँड्स. एका शर्यतीत प्रश्न सुटेल अशी कल्पना होती, पण हरलेल्यांना निकाल मान्य होईना. पुन्हा शर्यत, पुन्हा वाद. असं करत १९८४ पर्यंत २४ शर्यती झाल्या. गॅरी फिशरचा विक्रम ४ मिनिटं २२ सेकंदांचा, जो ब्रीझचा ४ मिनिटं २४ सेकंदांचा.

मला या हकिगतीत खरं महत्त्व वाटतं ते त्या दोन घड्याळांचं. सेकंद मोजले जाऊ लागले तशी सायकलीतली खोटही दिसू लागली. जुने सांगाडे तडकत, ब्रेक दगा देत. मग कुणी मोटरसायकलच्या ब्रेकच्या मुठी बसवल्या, कुणी गिअर लावले. १९७७ मध्ये ब्रीझने खास या कामासाठी नव्या मिश्र पोलादाचा सांगाडा बांधला. १९७९ मध्ये फिशर आणि केलीने अशा सायकली विकणारी कंपनी काढली आणि तिचं नावच ठेवलं ‘माउंटनबाइक्स’. आधी शर्यत झाली, सायकल नंतर आली. १९९० साली अमेरिकेतच, कोलोरॅडोतल्या दुरँगोला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. तिथे नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंट्येन्स आणि इटलीची पाओला पेझ्झो यांनी सुवर्णपदकं जिंकली. भंगारातल्या सायकलींपासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षं!

गंमत अशी की जिथे हा खेळ रुजला तिथेच त्याच्यावर बंधनं आली. चालणारे आणि घोडेस्वार तक्रारी करू लागले, पायवाटांची माती वाहून जाऊ लागली. तिथल्या टॅमलपायस डोंगरावर अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी २४ किलोमीटरची मर्यादा आली.

आपल्याकडे सायकल शर्यतीतला मान चढणाऱ्याचा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून जाणारा ‘घाटांचा राजा’. उतरणाऱ्याला कुठलाच किताब नाही. कच्च्या डोंगरवाटांवरच्या शर्यती आपल्या देशात उशिरा आल्या. हिमाचलची मोठी शर्यत २००५ पासूनची. पुण्याजवळच्या ‘एंड्युरो ३’ या साहसी स्पर्धेत २००३ पासून चालणं आणि नदी ओलांडणं याबरोबर सायकलचाही टप्पा आला.

आणि मीरा-भाईंदर? पूर्वेचे डोंगर राष्ट्रीय उद्यानात. तिथे बिबट्या राहतो, आणि तिथे शर्यती भरवू नयेत असंच माझं मत आहे. पश्चिमेला उरलं डोंगरीचं टेकाड. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली हजारो झाडं तोडण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला, तेव्हा स्थानिकांनी हरकती घेतल्या. शर्यत राहू द्या, सकाळी पायी चढायला तरी ते टेकाड हवं, असं मला वाटतं.

आमच्या पाववाल्यालाही वेळेचं बंधन होतंच, सातच्या आत पाव पोचायला हवेत. उतारावरून खाली आला की तो सायकल भिंतीला टेकवायचा आणि पेटी उघडून आधी पाव दबलेत का ते बघायचा. किती मिनिटांत उतरला, हे मी त्याला कधी विचारलं नाही.