एक रात्र सेंट लुईस

शिकागोहून आरव्ही घेऊन निघालो तेव्हा सेंट लुईस आमच्या यादीत फक्त ‘झोपायची सोय’ म्हणून होतं. मी, बायको, एक मित्र, वहिनी आणि त्यांचा तीन वर्षांचा कार्टा. हे तीस फुटी धूड डाउनटाउनमध्ये लावणार कुठे? म्हणून नदीच्या अलीकडे, इलिनॉयमध्येच मुक्काम ठोकला आणि सकाळी मेट्रोलिंकने ईड्स पुलावरून (१८७४ चा, अजून ठणठणीत!) मिसिसिपी ओलांडून मिसुरीत आलो.

कमान बघितली. ६३० फूट, १९६५ साली पूर्ण झालेली, पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतकारांचं स्मारक. फोटो झाले. वर जायची रांग बघून कार्ट्याने भोकाड पसरलं, म्हणून जवळच्या घुमटवाल्या जुन्या कोर्टात शिरलो. फुकट होतं, हेही एक कारण.

आणि तिथेच अडकलो.

ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाने आणि त्याच्या बायकोने, हॅरिएटने, १८४६ साली इथे दावे लावले. मुद्दा साधा होता. मालक लष्करी डॉक्टर, तो स्कॉटला इलिनॉयमध्ये घेऊन गेला होता आणि तिथे गुलामगिरीला बंदी. ‘एकदा मुक्त तो कायमचा मुक्त’ हा मिसुरीच्या कोर्टांचाच पायंडा. म्हणजे आम्ही सकाळी डुलक्या काढत जी नदी ओलांडली, ती माणूस आणि मालमत्ता यांच्यातली सीमा होती. याच कोर्टाच्या पायऱ्यांवर मेलेल्या मालकाची इस्टेट निकाली काढताना गुलामांचा लिलाव व्हायचा.

१८४७ साली स्कॉट हरला. का? तर मालकिणीने त्याला गुलाम म्हणून ठेवलंय ही साक्ष ऐकीव ठरली. म्हणजे तो तिचा गुलाम आहे हे सिद्ध झालं नाही, म्हणून तो तिचाच गुलाम राहिला. असला बग आमच्या कोडमध्येही सापडणार नाही!

१८५० साली मात्र ज्यूरीने त्याला मुक्त ठरवलं. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. १८५७ साली वॉशिंग्टनमध्ये ७ विरुद्ध २ असा निकाल लागला: आफ्रिकन वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, सबब दावा लावायचा त्याला हक्कच नाही.

त्याच मे महिन्यात स्कॉटच्या पहिल्या मालकाच्या मुलाने त्याला कागदोपत्री सोडलं, याच इमारतीत. पुढे जेमतेम सव्वा वर्ष जगला बिचारा.

तो निकाल पुसला १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने. इथे जन्मलेला, इथल्या कायद्याखालचा माणूस नागरिक. बाकावर झोपलेल्या आमच्या कार्ट्याचा निळा पासपोर्ट त्याच वाक्यावर निघालेला. मित्र बराच वेळ त्या पाटीसमोर उभा होता. आम्ही चौघं मोठे अजून व्हिसावरच.

कमानीवर चढायचं राहिलंच.