बाटलीतला पैलवान

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी माझा नातू बारामतीहून आला, तो दोन्ही हातांत एक काचेची बरणी सांभाळीत. अशा बरणीत आमच्याकडे लिंबाचे लोणचे असते. या बरणीत मात्र पाणी होते आणि पाण्यात बोटभर लांबीचा, निळाजांभळा एक मासा होता. अंगापेक्षा शेपटीचाच तोरा मोठा. पैठणीचा पदर पाण्यात सोडावा तशी ती हलत होती.

"आजोबा, हा फायटर! याला पंप लागत नाही, मोठी टाकी लागत नाही. बाटलीतसुद्धा जगतो, असं दुकानदार म्हणाला."

'जगतो' हा शब्द तेव्हा माझ्या कानावरून सहज गेला. पुढे तोच शब्द मला पुष्कळ दिवस पुरला.

माळेगावात पैलवानकीचे कौतुक कुणाला नाही? माशाचे नाव तत्काळ 'पैलवान' ठरले. माझा दाढीचा आरसा बरणीला टेकवून ठेवण्यात आला. आरशातला प्रतिस्पर्धी दिसताच पैलवानाने कल्ल्यांची झाकणे फुलवली, पर ताठ केले आणि अंगावर धाव घेतली. आळीतली पोरे टाळ्या पिटू लागली. धनत्रयोदशीलाही तोच खेळ. ज्याच्या हाती जे लागले ते त्याने बरणीत टाकले: चकलीचा चुरा, शंकरपाळ्याचा तुकडा, लाडवाची कणी. पाणी गढूळले की नातू मोठ्या मायेने ते सगळेच्या सगळे ओतून नळाचे ताजे पाणी भरी.

नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही उठलो. बंबात पाणी तापत होते, अंगणात थंडी होती. नातू उटणे लावण्याआधी बरणीकडे धावला आणि तिथेच थबकला. पैलवान तळाशी आडवा झाला होता. पर मिटलेले, रंग विटलेला, शेपटीची कड फाटल्यासारखी. मधूनच तो कसाबसा वर येई, एक घोट हवा घेई आणि पुन्हा खाली जाई. पोराच्या डोळ्यांत पाणी आले. "आजोबा, तुम्ही इतिहास शिकवायचात ना? तुम्हाला काहीच कसं माहीत नाही?"

प्रश्न तर्काला धरून नव्हता, पण मनाला लागला. त्या दिवशी मी फराळाचे ताट बाजूला सारून त्या बोटभर प्राण्याचा इतिहास वाचावयास बसलो. आणि मौज अशी, की त्याच्या दुखण्याचे निदान मला त्या इतिहासातच सापडले.

हा मासा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तेथील भाताची खाचरे, उथळ पाणथळी, गवताने भरलेले संथ ओहोळ हे त्याचे घर. तेथील लोक त्याला 'प्ला कात' म्हणतात. अर्थ, चावरा मासा. त्याच्या झुंजी लावण्याचा नाद तेथे फार जुना. माशांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली असा निष्कर्ष काढला, की माणसाने हा मासा पाळण्यास किमान हजार वर्षांपूर्वी सुरुवात केली असावी. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला.

पाश्चात्त्य विद्येच्या दप्तरात त्याची नोंद झाली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील एका डॅनिश डॉक्टरच्या हातून. थिओडोर कँटर हे त्याचे नाव. १८४९ साली त्याने मलाया प्रदेशातील माशांची सूची प्रसिद्ध केली, तीत या माशाच्या झुंजींचे वर्णन आहे. झुंजी भरविण्याचा परवाना सरकार मक्त्याने देई आणि त्यातून सयामच्या राजाला चांगला वसूल मिळे, असे तो लिहितो. लोक पैसा तर पणाला लावीतच, पण कधी स्वतःला आणि आपल्या कुटुंबालाही लावीत. हे वाचताना आपल्याला द्यूतसभेची आठवण व्हावी! कँटरने माशाला नाव दिले त्याचा अर्थही भांडखोर असाच होता. पुढे चार्ल्स टेट रीगन या इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की ते नाव खरोखर दुसऱ्याच एका जातीचे आहे. त्याने १९१० साली या माशाला नवे नाव दिले: 'बेटा स्प्लेन्डेन्स', म्हणजे तेजस्वी बेटा. शास्त्राने भांडखोरपणा पुसून तेज पाहिले. बाजाराने मात्र 'फायटर' हेच नाव धरून ठेवले, आणि आम्हीही त्याला पैलवानच म्हणालो.

आता हा भांडखोरपणा जन्माचा किती आणि माणसाने शिकवलेला किती? ह्यू स्मिथ हा अमेरिकन शास्त्रज्ञ १९२३ ते १९३५ या काळात सयाम सरकारचा मत्स्यविषयक सल्लागार होता. त्याने नोंदवून ठेवले आहे, की रानातून धरलेल्या माशांची झुंज काही मिनिटांतच आटोपते. झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढविलेले मासे मात्र तासन्‌तास झुंजतात. याचे कारण उघड आहे. खाचरात हरणाऱ्याला पळून जाण्यास वाट असते. नर आपली हद्द राखतो, समोरच्याला कल्ले फुलवून दाखवतो, आणि पुष्कळदा एवढ्यावरच भागते. तो काही आंधळा माथेफिरू नव्हे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की शेजाऱ्यांची झुंज पाहिलेला मासा नंतर जिंकलेल्याला सामोरे जाताना अधिक वेळ घेतो, हरलेल्याशी तेवढा बिचकत नाही. आखाड्याच्या कडेला बसून डाव जोखणाऱ्या वस्तादासारखा तो पाहतो आणि लक्षात ठेवतो.

पण आरशातला शत्रू ना हरतो, ना पळतो. आमचा पैलवान दोन दिवस अशा गड्याशी झुंजत होता, ज्याला चीत करणे कुणालाच शक्य नव्हते.

आपल्याकडे असे खेळ नव्हते असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकीची प्रकरणे आहेत: मल्ल, कोंबडे, लावे, मेंढे, रेडे यांच्या झुंजी. माशांचेही प्रकरण आहे, पण ते झुंजीचे नव्हे, गळाने मासे धरण्याचे. तरीही त्यात एक गोष्ट नजरेत भरते. कोणता मासा कसा आणि त्याला काय चारावे, हे राजाने बारकाईने सांगितले आहे. मासा धरायचा असला तरी आधी तो समजून घ्यावा, ही त्यामागची दृष्टी. याच ग्रंथात मराठीच्या अगदी आरंभीच्या पद्यपंक्ती आढळतात आणि त्यांत मत्स्यावताराचे स्तवन आहे. ज्या भाषेच्या ओठी इतक्या लवकर मासा आला, त्या भाषेच्या आम्हा लेकरांनी माशाला चकली चारावी याची मला लाज वाटली. हा मासा जातीने मांसाहारी. पाण्यावर पडलेले कीटक, डासांच्या अळ्या हे त्याचे अन्न. आमचा फराळ त्याने खाल्ला नव्हताच. तो तळाशी कुजून पाणी विषारी करीत होता.

आता बरणीची गोष्ट. सयामी लोक झुंजीचे मासे लहान भांड्यांत वेगवेगळे ठेवीत, आणि ते तेथे तगत, याला एक कारण आहे. या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्या-घड्यांची एक पोकळी असते. अशा घडीदार इंद्रियाचे वर्णन कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केले, परंतु त्याची समजूत अशी, की कोरड्यात निघाल्यावर कल्ले ओले राहावेत म्हणून मासा तेथे पाणी साठवितो. पुढे हिंदुस्थानातील माशांवर मोठा ग्रंथ लिहिणारे डॉ. फ्रान्सिस डे यांच्यासारख्या निरीक्षकांनी दाखविले, की अशा माशांना हवाच लागते. पृष्ठभागावर येऊ दिले नाही तर ते पाण्यात गुदमरतात. म्हणजे पोकळी पाण्याची नव्हे, हवेची.

हे मी आमच्या एका शेजाऱ्याला सांगितले. त्याचा जन्म नीरेवर मासे धरण्यात गेलेला. तो हसून म्हणाला, "मास्तर, त्यात नवल काय? मरळ बी असंच करती. वर येऊन घोट घेती अन् खाली जाती. म्हणून तर बादलीत बाजारापर्यंत जित्ती राहती."

अगदी खरे. पण बादलीत जिवंत राहते म्हणून बादली हे मरळीचे घर नव्हे. हवा वरून घेता आली तरी अंगातून निघणारी घाण त्याच पाण्यात साठते. तिच्यातला अमोनिया कल्ले भाजतो, कातडी दुखवतो, परांच्या कडा झडवतो. मोठ्या, जुन्या पाण्यात सूक्ष्म जंतू ही घाण पचवून तिचे विष कमी करतात. रोज उपसलेल्या बरणीत त्यांना रुजायला अवसर नसतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपल्याला हितकर, माशाच्या कल्ल्यांना जाच. आणि सर्वांत मोठी गोष्ट थंडीची. सयामच्या त्या उबदार पाण्यातल्या जिवाला २५ ते २८ अंशांची ऊब लागते. दिवाळीच्या पहाटे आमच्या ओसरीवरची बरणी त्याहून कितीतरी गार होती. आम्ही आमच्यासाठी बंब पेटवला होता; त्याचे पाणी मात्र गारच राहिले होते.

मग उपाय सुरू झाले. बंबातले कोमट पाणी घमेल्यात घेऊन त्यात बरणी ठेवली, आणि दोन-तीन तासांत हळूहळू पाण्याची गारठ मोडली. एकदम ऊन पाणी ओतणे म्हणजे दुसरा घाव. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्याचीही पहिली अंघोळ झाली म्हणायची!" आरसा काढला. एक दिवस उपास घडवला. दिवाळी सरल्यावर वीस लिटरची काचेची पेटी, लहानसा हीटर, थर्मामीटर आणि पाणवनस्पती आणल्या. पाणी चोवीस तास उघडे ठेवून आणि क्लोरीन मारण्याचे औषध घालून मगच वापरायचे, आणि एका वेळी थोडेच बदलायचे, हा नेम ठरला.

नातवाने एक वही केली. तीत त्याने लिहिले ते असे. पर मिटलेले म्हणजे थंडी किंवा खराब पाणी. अंगावर आडवे फिकट पट्टे म्हणजे घाबरला. अधूनमधून वर येऊन घोट घेणे हे दुखणे नव्हे. पण तोंड सारखे वरच राहिले तर पाणी तपासावे. पानावर टेकून पडणे म्हणजे विश्रांतीही असते. हाक मारल्यासारखे बोट दाखवताच उठला तर ठीक. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे रोग. पोट फुगले तर आधी खाणे थांबवावे. खवले भातुकलीतल्या अननसासारखे उभे राहिले तर आशा थोडी. ही वही माझ्या इतिहासाच्या कोणत्याही टिपणापेक्षा अधिक उपयोगाची आहे.

आमच्या गावाला ही गोष्ट वेगळी सांगण्याची खरे म्हणजे गरज नसावी. १८७६ ते १८७८चा दुष्काळ या मुलखाने भोगला. त्यानंतर नीरेचा डावा कालवा झाला, १८८५ साली तो वाहू लागला, आणि आजची उसाची हिरवळ त्या पाण्याची आहे. त्याआधी लोक जगत नव्हते काय? जगत होते. कोंड्याची भाकर खाऊन जगले. परंतु कोंड्यावर जगले म्हणून कोंडा हे माणसाचे अन्न ठरत नाही. शेजारच्या माळेगाव खुर्दला २००९ साली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, ती याच विषयाची: दुष्काळ, उष्मा, क्षार यांचा ताण पिके, जनावरे आणि मासे किती सोसतात, आणि तो हलका कसा करावा. सोसण्याचे शास्त्र करावे लागते, कारण सोसणारा बोलत नाही.

'बाटलीतसुद्धा जगतो' हे दुकानदाराचे बोलणे खोटे नव्हते. पण तगणे म्हणजे मानवणे नव्हे, एवढे त्यात सांगायचे राहिले होते.

पंधरवड्यात पैलवानाचा रंग परतला. शेपटीच्या फाटक्या कडेला पारदर्शक नवे पाते फुटले. मार्गशीर्षातल्या एका सकाळी पेटीच्या कोपऱ्यात पाण्यावर पांढरा फेस दिसला. सौभाग्यवतींना वाटले, साबण पडला. त्या पाणी काढायला निघाल्या होत्या. नातवाने हात धरला. तो फेस म्हणजे घरटे होते. नर तोंडाने एकेक बुडबुडा फुंकून ते बांधतो. मादीने अंडी घातली की तो ती तोंडात झेलून बुडबुड्यांत ठेवतो, आणि पिले बाहेर येऊन पोहू लागेपर्यंत तीन-चार दिवस पहारा करतो. खाली निसटलेले पिलू उचलून पुन्हा वर नेऊन ठेवतो. मादी नसतानाही वयात आलेला नर घरटे बांधतो. म्हणून ते सुखाचे प्रशस्तिपत्र मानू नये, हेही आम्ही वाचले होते. तरी आम्ही सगळे ते पाहत बसलो.

हजार वर्षे ज्याला आपण झुंजवले, त्याचे कल्ले फुलतात ते बहुधा अशाच एका फेसाच्या घरासाठी. नातवाने वहीत नाव खोडले नाही. 'पैलवान'च्या पुढे कंसात एक शब्द तेवढा वाढवला: 'बाबा'.

माझा आरसा मला परत मिळाला.