तथागतांची पाठदुखी आणि आमचे गुडघे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा हुकूम झाला. आम्ही काही पंडित नव्हे. रिंगखात्यात पाळीपाळीने उभे राहून गुडघे झिजवलेला माणूस. गिरणी गेली, दुखणे मात्र आमच्याकडेच राहिले. आई म्हणायची, "मागल्या जन्माचं हाय, भोगून संपवायचं." हे बोलणे मनाला डाचत राहिले आणि म्हणूनच आम्ही ग्रंथ उघडले.

संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक नेमके हेच विचारतो. माणसाला होणारे सुखदुःख सगळे पूर्वकर्मानेच का? तथागत सांगतात, पित्ताने, कफाने, वाताने, ऋतू बदलल्याने, शरीराची आबाळ झाल्याने, मारहाणीनेही वेदना होतात. यादीच्या शेवटी कर्मविपाकही आहे, ते लपवायचे कारण नाही. पण सगळेच पूर्वकर्माचे म्हणणारे चुकतात, असे ते साफ सांगतात. आई हे ऐकायला राहिली नाही.

खुद्द तथागतांनाही दुखणे चुकले नव्हते. राजगृहात देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची पायाला लागली. वैशालीजवळ बेळुव गावी शेवटच्या वर्षावासात मरणप्राय कळा आल्या. त्या त्यांनी स्मृती जागी ठेवून सोसल्या. पुढे आनंदाला म्हणाले, वय ऐंशी झाले, दोरांनी बांधलेल्या जुन्या गाड्यासारखे हे शरीर चालले आहे. पण सोसणे म्हणजे औषध नाकारणे नव्हे, बरं का! जीवक वैद्य त्यांच्यावर उपचार करी, आणि आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध, काकवी घ्यायची परवानगी त्यांनीच दिली.

त्यांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो. अडाणी माणूस रडतो, छाती पिटतो, तो दुसरा बाण मनाला. गुडघा ठणकतो तो पहिला. "आता आपलं सगळं संपलं" म्हणत रात्रभर जागायचे, तो दुसरा. आम्ही तो बरीच वर्षे खाल्ला.

परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत, नजर मंदावली होती. तरी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिली, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून ठेवला. तो 1957 साली, महापरिनिर्वाणानंतर छापून आला.

रविवारच्या वंदनेला आम्ही आता खुर्चीवर बसतो. एका पोराने विचारले, "काका, खाली नाय बसत?" त्याला कपिलवस्तूची गोष्ट सांगितली. शाक्यांच्या नव्या सभागृहात तथागत रात्री बराच वेळ बोलले, मग म्हणाले, आनंदा, पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग, मी जरा पडतो. आणि उजव्या कुशीवर आडवे झाले. पोरगे हसले, आणि आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले.