संत्र्याच्या बागेतील दोन पाहुणे

श्रोतेहो, भाषेच्या प्राध्यापकाने किडींविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ‘परोपजीवी’ हा शब्द आपण इतक्या तुच्छतेने उच्चारतो, की त्याची दुसरी बाजू मांडणे मला अगत्याचे वाटते.

१८६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील एक खवले कीड कॅलिफोर्नियात पोहोचली. पाठीवर पांढरी कापसासारखी पिशवी, तीत शेकडो अंडी. वीस वर्षांत लॉस एंजेलिसच्या संत्राबागा पांढऱ्याफटक पडल्या. झाडांवर तंबू ठोकून विषारी वायू सोडला, तरी कीड हटेना. बागाईतदार झाडे उपटून जाळू लागले. मायदेशी मात्र हीच कीड क्वचितच उपद्रव देई. तिचे शत्रू तिकडेच मागे राहिले होते, हे कीटकशास्त्रज्ञ रायली यांनी ओळखले. सरकारी कीटकतज्ज्ञांना परदेशी पाठविण्यास कायद्याची आडकाठी होती. म्हणून मेलबर्नच्या प्रदर्शनाचे निमित्त करून १८८८ साली आल्बर्ट कोबेले यांची रवानगी झाली. (सरकारी पळवाटा सर्वत्र सारख्याच!)

कोबेले गेले एका परोपजीवी माशीसाठी. ती किडीच्या अंगात अंडी घालते आणि अळी तिला आतून पोखरते. पण ॲडलेड येथे त्यांना एक तांबडा-काळा ढालकिडाही दिसला. त्यांनी पाठविलेले पहिले १२९ ढालकिडे वुल्फस्किल यांच्या बागेत, तंबूने झाकलेल्या एका झाडावर सोडण्यात आले. जून १८८९पर्यंत त्यांचे १०,५५५ वंशज बागाईतदारांना वाटले गेले. वर्षभरात लॉस एंजेलिस परगण्यातून संत्री बाहेर नेणाऱ्या वाघिणी सातशेवरून दोन हजारांवर गेल्या. कोबेले यांना बागाईतदारांनी सोन्याचे घड्याळ अर्पण केले. समुद्रकाठच्या भागात निमूटपणे काम करणारी माशी मात्र विस्मृतीत गेली.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. फवारणीत ढालकिडे मेले आणि दबलेली कीड पुन्हा उफाळली. पन्नास वर्षांची राखण एका हंगामात मोडली.

आपल्याकडे ही कीड १९२८ साली निलगिरीत आढळली. तेव्हा हाच ढालकिडा आणविण्यात आला. अलीकडचे उदाहरण पपईचे. २००८ साली कोइमतूर येथे पपईवरील पिठ्या ढेकूण दिसला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातील बागांतही शिरला. फवारे मारून शेतकरी थकले, कारण मेणचट आवरणामुळे औषध आत पोहोचेना. अखेर २०१० साली पोर्टो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्यांच्या तीन जाती आणल्या. त्यांतील ॲसेरोफॅगस पपाये ही सर्वांत चांगली रुजली. ती इतकी बारीक, की चष्मा लावूनही मला ती दिसणार नाही. आणि तिच्या वाट्याला घड्याळही आले नाही.