९२ लाख पिक्सेल आणि चार वायरी

फोर-के मॉनिटर ही गेल्या दहा-बारा वर्षांतली गंमत, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आयबीएमने टी२२० हा मॉनिटर २००१ साली आणला, तेव्हाच त्याचं रिझोल्युशन होतं ३८४० × २४००! आकार २२.२ इंच, म्हणजे इंचाला २०४ पिक्सेल. बाकी जग तेव्हा १०२४ × ७६८च्या डबड्यावर खूश होतं. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेला अण्वस्त्रांच्या सिम्युलेशनसाठी असले पडदे हवे होते. किंमतही सरकारलाच परवडेल अशी.

घोडं अडलं वायरीपाशी. एका साध्या डीव्हीआय वायरीतून अख्खं चित्र सेकंदाला जेमतेम १३ वेळा जायचं, म्हणजे माऊसचा बाण उड्या मारतच पळणार. चार वायरी जोडल्या की कुठे ४१.

वायरीचं एक वेळ निभावलं असतं हो, पण खरी गोची केली आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या जमातीने. विंडोज इंचाला ९६ पिक्सेल धरून चालायचं, आणि बहुतेक प्रोग्रॅम्सही तेच गृहीत धरून लिहिलेले. त्यामुळे या पडद्यावर अक्षरं निम्म्याहून लहान. फॉन्ट मोठा करावा, तर डायलॉग बॉक्समधला मजकूर कापला जायचा!

टी२२० आणि त्याचं भावंड टी२२१ काही वर्षांतच बंद पडले. पुढे २०१२मध्ये अ‍ॅपलचा रेटिना मॅकबुक प्रो आला, इंचाला २२० पिक्सेलचा. त्यात जुन्या एका पिक्सेलच्या जागी चार धरायचे, हे ऑपरेटिंग सिस्टिमनेच ठरवून टाकलं होतं. अक्षरं तेवढीच राहिली, फक्त रेखीव झाली.