रब्बी ज्वारीची ओल



मी कामगार चळवळीतला माणूस. शेतकी कॉलेजात मी शिकलो नाही. जे थोडेबहुत वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. मग मी पिकांच्या इतिहासावर का बोलावे, असे कोणी विचारील. पगाराच्या वाटाघाटीत महागाई हा शब्द आम्ही नेहमी वापरतो, आणि दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या महागाईचा अर्थ एकच होता: ज्वारीचा भाव. तो भाव पावसावर ठरतो, हे सगळे जाणतात. पण पाऊस निघून गेल्यावरही पीक उभे कसे राहील, याच्या शोधात काही माणसांनी आयुष्ये घातली, हे फारसे कोणी सांगत नाही. आज मला तेवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम या पिकाची रीत ध्यानात घ्या. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागांत रब्बीची ज्वारी पेरतात ती पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पुढे चार महिने आभाळातून पाणी येईलच असा भरवसा नाही. काळ्या जमिनीने पावसाळ्यात जी ओल पोटात धरली, तेवढ्या भांडवलावर संसार करावयाचा. थंडी पडते तसे पीक वाढते, ओल खाली खाली जाते, आणि नेमके दाणा भरण्याच्या वेळी शिल्लक संपते. ताट दिसायला उभे असते, पण आतून पोखरले जाते. वाऱ्याने आडवे होते. या रोगाला आपल्याकडे खडखड्या म्हणतात. त्याची बुरशी जमिनीत असतेच. पाण्याच्या ताणाने झाड अशक्त झाले की ती आत शिरते. उपाशी माणसाला कॉलरा आधी गाठतो, त्यातलाच हा प्रकार.

आता मागे जाऊ. १८७६ चा पावसाळा दगा देऊन गेला आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सरकारने खडी फोडण्याची, तलाव खणण्याची कामे काढली. सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसर म्हणून मजुरी उतरवली. दिवसाला एक पौंड धान्याचा हिशेब धरला. जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी मजुरांनी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि जथ्याजथ्यांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केले ते १८८४ साली. त्याच्या सात वर्षे आधी पोटाला चिमटा घेऊन झालेला हा संप आमच्या चळवळीच्या इतिहासात कोपऱ्यातच राहिला आहे. असो. त्या दुष्काळानंतर कमिशन बसले, दुष्काळी कामांचे नियम झाले, रेल्वे व कालवे यांची चर्चा झाली. परंतु पीकच थोड्या पाण्यावर कसे तगेल, हा प्रश्न मागेच पडला. पुढे १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ आले आणि गेले, तरी तो मागेच होता.

त्याला हात घातला गेला तो १९२३ साली, पुण्याजवळ मांजरी येथे. व्ही. ए. ताम्हाणे यांनी तेथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले आणि एन. व्ही. कानिटकर यांनी ते पुढे नेले. १९२६ ते १९२८ या काळात लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीविषयक शाही कमिशन हिंदुस्थानभर हिंडले. त्यातून १९२९ मध्ये मध्यवर्ती कृषी संशोधन संस्था उभी राहिली, आणि तिच्या मदतीने १९३३ ते १९३५ या दरम्यान सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक या पाच ठिकाणी कोरडवाहू संशोधनाची केंद्रे चालू झाली. सोलापूरचे केंद्र १९३३ चे. याच गावात तीन वर्षांपूर्वी मार्शल लॉ होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येथील मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्यास फाशी दिले होते. ज्या सरकारने ते केले, त्याच सरकारच्या पगारावर काही माणसे याच गावात जमिनीतली ओल मोजू लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

या प्रयोगांतून जी पद्धत ठरली तिला ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ असे नाव पडले. कानिटकरांचा यावरील ग्रंथ १९४४ साली निघाला. पद्धत काय होती? शेताला बांध घालावेत, म्हणजे पाणी जागीच मुरेल. खोल नांगरट दरसाल नको, काही वर्षांतून एकदा पुरे. शेणखत घालावे. बी थोडे टाकावे, ओळींत अंतर १८ इंच ठेवावे आणि कोळपण्या वेळेवर कराव्यात. ऐकायला हे अगदी साधे वाटते, पण त्यातल्या एकेका गोष्टीमागे हिशेब आहे.

अंतराचेच घ्या. दाट पेरलेले पीक सुरुवातीला हिरवेगार दिसते, पण ती उधळपट्टी असते. पहिल्या दोन महिन्यांतच सारी ओल पिऊन टाकायची आणि कणीस बाहेर पडताना कोरडे व्हायचे, अशी त्याची गत. ओळी लांब असल्या की मधल्या पट्ट्यातली ओल मुळांना उशिरा सापडते. म्हणजे पगारातला काही भाग महिनाअखेरीसाठी आपोआप मागे राहतो. शेतकरी तरीही दाट पेरी, आणि त्याला अडाणी म्हणणारे पुष्कळ निघाले. माझे मत निराळे आहे. दाट पेरले की ताट बारीक राहते, कडबा मऊ होतो, बैल तो आवडीने खातो. ज्याच्या घरात बैल उपाशी, त्याची पुढच्या वर्षीची पेरणीच बुडाली. त्याचा हिशेब दाणा आणि कडबा असा दोन्हींचा होता.

कोळपणीचा हिशेब त्याहून सुंदर आहे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपल्याकडची म्हातारी माणसे म्हणत. पहिली कोळपणी पीक तीन आठवड्यांचे झाल्यावर, फटीच्या कोळप्याने. दुसरी पाच आठवड्यांनी, पासेच्या कोळप्याने. तण मरते आणि ओल पिणारे चोर कमी होतात. तिसरी आठ आठवड्यांनी, दातेरी कोळप्याने. तोवर काळ्या जमिनीला भेगा पडू लागलेल्या असतात आणि त्या भेगांतून खोलवरची ओल वाफ होऊन निघून जाते. दातेऱ्याने भुसभुशीत माती ओढून त्या बुजवावयाच्या. आपण उघड्या रांजणावर झाकण घालतो, तसेच हे.

दुसरी बाजू बियाण्याची. मोहोळच्या केंद्रावर, शेतकरी वर्षानुवर्षे पेरीत आलेल्या स्थानिक मालदांडी ज्वारीतून चांगली कणसे निवडून, त्यांची संतती पारखून, १९३० नंतरच्या दशकात एक वाण काढण्यात आला. त्याचे नाव एम ३५-१. लोकांच्या तोंडी तो मालदांडीच राहिला. त्याची मुळे खोल जातात. ताण पडला की पाने गुंडाळली जातात, पानांवरचा मेणचट पापुद्रा वाफ अडवतो, आणि पानांची सूक्ष्म छिद्रे मिटून झाड जणू श्वास रोखून धरते. पाऊस आला तर पुन्हा वाढीला लागते. दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरीला गोड. जवळजवळ नव्वद वर्षे झाली, तरी हा वाण शेतात आहे आणि नवा वाण काढला की त्याची तुलना आजही याच्याशी करतात. शास्त्रज्ञांनी तो निवडला हे खरे. पण निवडायला जे हाती आले ते कोणाचे होते? बी राखणाऱ्या बाया कोणत्याही अहवालात नाहीत.

आता उणी बाजू. मुंबई पद्धतीने उत्पन्न वाढले, पण किती? शेकडा १५ ते २०. मुळात हेक्टरी २०० ते ४०० किलोच पिकत असे. त्याच्यावर ही वाढ म्हणजे एखाद-दुसरे पोते. बांध, खत, तीन कोळपण्या इतकी मेहनत करून एवढेच पदरात पडले तर माणूस हुरळून जात नाही. १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि समपातळीचे बांध मोठ्या प्रमाणावर पडू लागले. मध्यम जमिनीत त्यांचा उपयोग झाला. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधामागे पाणी तुंबे, पीक पिवळे पडे, बांध फुटे. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने जमीन पायाखाली घेऊन पाहिली नाही की असे होते.

१९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. खरिपात तिने उत्पन्न वाढवले. रब्बीत मात्र संकरित बियाण्याची डाळ शिजली नाही. खोडमाशी, भाकरीची चव, कडब्याची प्रत, सगळीकडे मालदांडी सरस ठरली. १९७० मध्ये कोरडवाहू शेतीसाठी अखिल भारतीय समन्वित योजना सुरू झाली, आणि दोनच वर्षांनी १९७२ उजाडले.

त्या दुष्काळाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलो. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो मिळे. लोक नाके मुरडून तो खात. मिलो म्हणजे तरी काय? ज्वारीच. ज्या मुलखाने मालदांडी सांभाळली, त्याला परदेशची ज्वारी खावी लागली. मात्र १८७७ पेक्षा एक फरक झाला होता. काम हा हक्क आहे असे म्हणणारे लोक आता रस्त्यावर होते आणि विधिमंडळातही होते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्यात उतरली, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली, आणि २००५ साली केंद्राने कायदा केला तेव्हा हा नमुना समोर होता. त्या हमीवर पाझर तलाव झाले, बांध झाले. म्हणजे मजुराची मजुरी आणि पिकाची ओल एकाच कुदळीने निघाली.

पुढचे थोडक्यात सांगतो. राहुरीच्या विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण वेगळे काढले: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. उथळ जमिनीत ओल थोडी, म्हणून तेथे लवकर पिकणारा वाण. हे शहाणपण समपातळीच्या बांधांच्या वेळी असते तर बरे झाले असते. शिवाय पेरणीपूर्वी रानात चौकोनी वाफे करून पाऊस अडवणे, ताणाच्या वेळी पानांवर केओलीन फवारणे असे उपायही निघाले आहेत.

पण गावोगाव बैल कमी झाले, कोळपी माळ्यावर गेली. दातेरी कोळप्याची तिसरी पाळी चुकते ती अज्ञानामुळे नव्हे. ती करायला जोडी नसते, आणि भेगा पडण्याच्या त्याच दिवसांत घरची हाताची माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. पीक ५० ते ५५ दिवसांचे होऊन पोटरीत आले असता एक संरक्षक पाणी मिळाले तर दाणा भरतो, हे प्रयोगांनी केव्हाच दाखवले आहे. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्याच्या कालव्यालगत उसाला पाळ्यांवर पाळ्या मिळतात, आणि पलीकडच्या माळावरची ज्वारी त्या एका पाण्यासाठी पोटरीत उभी असते.